गोष्टीची रचना इंग्रजीत कशी सांगावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी कथा, कादंबरी, नाटक किंवा पटकथेबद्दल इंग्रजीत लिहायची वेळ हल्ली अनेकांवर येते. कुणाला प्रकाशकाकडे सारांश पाठवायचा असतो, कुणाला चित्रपट महोत्सवाचा अर्ज भरायचा असतो, कुणाला एम.ए.च्या पेपरात उत्तर लिहायचं असतं. गोष्टीत काय घडतं ते सांगून होतं. ती रचली कशी आहे हे सांगताना मात्र वाक्य अडतं. अडण्याच्या या जागा बऱ्याच जणांच्या सारख्याच असतात, म्हणून त्या इथे एकत्र घेतल्या आहेत.

रचनेचं वर्णन करायला सुरुवात कुठून करावी?

क्रियापदापासून. मराठीत आपण सहज लिहितो, ‘कादंबरीची रचना गुंतागुंतीची आहे.’ तेच इंग्रजीत नेलं की ‘द नॉव्हेल हॅज अ कॉम्प्लेक्स स्ट्रक्चर’ असं वाक्य तयार होतं. व्याकरणात ते बरोबर आहे, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी गोष्ट काय करते ते सांगा: ‘द नॉव्हेल मूव्ह्ज बॅक अँड फोर्थ बिटवीन अ विडोज चाइल्डहुड अँड हर लास्ट विंटर.’ इथे ‘स्ट्रक्चर’ हा शब्दच आलेला नाही, तरी रचना कळली.

चांगली इंग्रजी परीक्षणं वाचली तर थोडीच क्रियापदं पुन्हा पुन्हा दिसतात. गोष्ट ‘ओपन्स’, ‘फॉलोज’, ‘अनफोल्ड्स’, ‘शिफ्ट्स’, ‘ऑल्टरनेट्स’, ‘बिल्ड्स टू’, ‘सर्कल्स बॅक टू’, ‘एंड्स’. एवढ्यांवर बहुतेक काम भागतं. ‘रिव्हॉल्व्ज अराउंड’ मात्र जपून वापरा. ते चुकीचं नाही, पण भारतीय सारांशांत ते इतक्यांदा येतं की नजर त्यावरून घसरून जाते. ‘द स्टोरी फॉलोज अ स्कूलटीचर हू...’ असं लिहिलं की माणूस लगेच चालू लागतो.

‘स्टोरी’, ‘प्लॉट’ आणि ‘स्ट्रक्चर’ यांत फरक काय?

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली पहिल्या दोन शब्दांतला फरक सांगितला, आणि तो अजून कामाचा आहे. राजा वारला आणि मग राणी वारली, ही झाली ‘स्टोरी’. राजा वारला आणि त्या दुःखाने राणी वारली, हा झाला ‘प्लॉट’. त्यात कारण आलं. राणीचं मरण आधी सांगून राजाचं नंतर उघड करायचं की क्रमाने सांगायचं, हा ‘स्ट्रक्चर’चा प्रश्न. आपल्या ‘कथानक’ या शब्दात तिन्ही अर्थ मिसळतात, त्यामुळे इंग्रजीत लिहिताना यांतलं नेमकं काय म्हणायचं आहे ते आधी ठरवावं लागतं.

‘द स्टोरी स्टार्ट्स फ्रॉम अ व्हिलेज’ यात खटकतं काय?

‘पासून सुरू होते’ ही मराठी त्यात जशीच्या तशी उतरली आहे. इंग्रजीत गोष्ट एखाद्या प्रसंगाने सुरू होत असेल तर ‘ओपन्स विथ’, ठिकाणी किंवा काळात सुरू होत असेल तर ‘ओपन्स इन’, विशिष्ट दिवशी सुरू होत असेल तर ‘ओपन्स ऑन’. ‘द नॉव्हेल ओपन्स इन कोल्हापूर, ऑन द मॉर्निंग ऑफ अ वेडिंग.’

अशाच आणखी काही जागा आहेत. ‘डिव्हायडेड इन फोर पार्ट्स’ नको, ‘डिव्हायडेड इन्टू फोर पार्ट्स’ हवं. ‘कम्प्रायझेस ऑफ’ नको. ‘कन्सिस्ट्स ऑफ’ लिहा किंवा नुसतं ‘कम्प्रायझेस’. ‘टू ट्रॅक्स रन पॅरललली’ जिभेवरही नीट बसत नाही. ‘टू स्टोरीज रन इन पॅरलल’ म्हणा.

सगळ्यांत जास्त घोळ ‘बेस्ड ऑन’चा होतो. ‘द फिल्म इज बेस्ड ऑन फार्मर्स’ असं आपण ‘शेतकऱ्यांवर आधारित’ या अर्थाने लिहितो. इंग्रजी वाचक ‘बेस्ड ऑन’ म्हटल्यावर मूळ स्रोत शोधतो: कुठल्या कादंबरीवर, कुठल्या सत्य घटनेवर? विषय सांगायचा असेल तर ‘इज अबाउट’ किंवा ‘डील्स विथ’, स्थळकाळ सांगायचा असेल तर ‘इज सेट इन’. महोत्सवाच्या अर्जात हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण ‘बेस्ड ऑन’ वाचून निवड समिती मूळ कृतीचे हक्क कुणाकडे आहेत असं विचारू शकते.

वर्तमानकाळ वापरायचा की भूतकाळ?

गोष्टीच्या आत जे घडतं ते वर्तमानकाळात. गोष्टीच्या बाहेर जे घडलं, म्हणजे लेखन, प्रकाशन, पहिला प्रयोग, ते भूतकाळात. ‘ययाति वॉज पब्लिश्ड इन 1959, इट इज टोल्ड बाय थ्री नॅरेटर्स.’ एकाच वाक्यात दोन काळ आले तरी घाबरू नका. मध्येच विसरून ‘देन शी वेंट टू हर फादर’ असं घसरणं मात्र टाळा.

आम्ही ‘इट इज शोन दॅट’ असं लिहितो. ते बरोबर नाही का?

‘दाखवलं आहे’ ही मराठी समीक्षेची जुनी सवय आहे. ‘लेखकाने नायिकेला विधवा दाखवलं आहे’ हे मराठीत अगदी सहज वाटतं. इंग्रजीत ‘द हिरोइन इज शोन ॲज अ विडो’ वाचलं की ती खरी विधवा नाही की काय, अशी शंका येते. सरळ ‘द हिरोइन इज अ विडो’ म्हणा. एखादी गोष्ट वाचकाला उशिरा कळत असेल तर ‘वी लर्न ओन्ली लेटर दॅट...’ हे वाक्य फार उपयोगी आहे. ते माहिती देतं आणि ती गोष्टीत कुठे ठेवली आहे हेही त्यातच सांगून जातं.

फ्लॅशबॅकबद्दल इतक्या चुका का होतात?

कारण मराठीत आपण हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो.

पहिली गोष्ट खरा फ्लॅशबॅक: आजचा प्रसंग थांबतो आणि मागचा प्रसंग डोळ्यांसमोर घडू लागतो. त्यासाठी ‘द स्टोरी गोज इन्टू फ्लॅशबॅक’ म्हटलेलं कळतं, पण सुबक वाक्य असं: ‘द फिल्म फ्लॅशेस बॅक टू द ड्रॉट ऑफ 1972.’ सगळी गोष्टच मागे जाऊन सांगितली असेल तर ‘इज टोल्ड इन फ्लॅशबॅक’, एकवचनी. मधूनमधून तुकडे येत असतील तर ‘थ्रू फ्लॅशबॅक्स’ किंवा ‘इन अ सिरीज ऑफ फ्लॅशबॅक्स’. एवढ्या छोट्या फरकाने वाचकाच्या डोळ्यांसमोर वेगळी कादंबरी उभी राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वकथा. पात्राच्या बोलण्यातून किंवा निवेदकाच्या दोन ओळींतून मागचं कळलं, पण तो प्रसंग आपल्यासमोर घडला नाही, तर तो फ्लॅशबॅक नव्हे. त्याला ‘बॅकस्टोरी’ म्हणतात: ‘हर बॅकस्टोरी इमर्जेस थ्रू लेटर्स.’

तिसरी गोष्ट मधूनच सुरू होणारी कथा. रोमन कवी होरेस याने ग्रीक महाकवी होमरची स्तुती केली ती याच गुणासाठी, की तो श्रोत्याला थेट घटनांच्या मध्यात नेतो. ‘इलियड’ सुरू होतं तेव्हा ट्रॉयच्या युद्धाचं दहावं वर्ष चालू असतं. होरेसचे लॅटिन शब्द इंग्रजीने जसेच्या तसे उचलले: ‘द स्टोरी बिगिन्स इन मीडियास रेस.’ त्यात ‘इन’ आधीच आहे, आणखी एक जोडू नका. लॅटिन नको वाटत असेल तर ‘द स्टोरी ड्रॉप्स अस इन्टू द मिडल ऑफ अ क्वॉरल’ तितकंच चांगलं, आणि मला विचाराल तर जास्त चांगलं, कारण त्यात भांडण तरी दिसतं.

‘नॉन-लिनियर’ हा शब्द या सगळ्यांवर पांघरूण घालायला वापरला जातो. काळ पुढेमागे होतो, उलटा चालतो, की दोन काळ एकाआड एक येतात? उलटा असेल तर ‘टोल्ड इन रिव्हर्स’. दोन काळ असतील तर ‘ऑल्टरनेट्स बिटवीन 1948 अँड द प्रेझेंट’. नेमकं सांगून झाल्यावर ‘नॉन-लिनियर’ लिहायची गरज बहुधा उरत नाही.

गोष्टीत गोष्ट असेल तर काय म्हणावं?

हा आपल्या घरचा प्रांत आहे, आणि इथे इंग्रजी शब्द कमी पडत नाहीत. बाहेरच्या गोष्टीला ‘फ्रेम स्टोरी’ किंवा ‘फ्रेम नॅरेटिव्ह’ म्हणतात, आतल्या गोष्टीला ‘एम्बेडेड’ किंवा ‘इनर स्टोरी’. पंचतंत्रात विष्णुशर्मा तीन राजपुत्रांना शहाणं करायला गोष्टी सांगतो, ही सर्वांत बाहेरची चौकट. तिच्या आत ‘मित्रभेद’ हे तंत्र येतं: सिंह आणि बैल यांची मैत्री, आणि ती तोडायला निघालेला दमनक. आता करटक आणि दमनक हे दोन कोल्हे एकमेकांना पटवताना आणखी गोष्टी सांगतात. इथे ‘फ्रेम’ पुरत नाही, कारण चौकटीत चौकट आहे. ‘द स्टोरीज आर नेस्टेड, वन इनसाइड अनदर’ हे नेमकं वर्णन.

वेताळपंचविशीत असं नाही. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो, राजा बोलतो, वेताळ झाडावर परत. पंचवीस गोष्टी, पण एकीच्या पोटात दुसरी नाही. एकाच चौकटीत त्या ओळीने बसल्या आहेत. त्याला ‘नेस्टेड’ म्हणणं चूक. ‘अ सिंगल फ्रेम लिंक्स ट्वेंटी-फाइव्ह टेल्स’ म्हणा. चौकट प्रत्येक गोष्टीनंतर परत येते हे सांगायचं असेल तर ‘द फ्रेम रिटर्न्स आफ्टर ईच टेल’ जोडा.

इंग्रजी वाचकाला ओळखीचं उदाहरण द्यायचं असेल तर 1818 चं ‘फ्रँकेनस्टाइन’ आहे. वॉल्टनची बहिणीला लिहिलेली पत्रं, त्यांत व्हिक्टरची कहाणी, तिच्या आत त्याने निर्माण केलेल्या प्राण्याची कहाणी. 1847 च्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये भाडेकरू लॉकवूड लिहितो आणि घर सांभाळणारी नेली डीन त्याला सांगते. पण तुलना एका वाक्यापुरती असू द्या. पंचतंत्राची ओळख करून देताना इंग्रजी कादंबरीचा आधार घ्यायला हवाच असं नाही. ते तिच्यापेक्षा शेकडो वर्षं आधीचं आहे.

एकाच गोष्टीला अनेक निवेदक असतील तर?

आधी ‘ऑथर’ आणि ‘नॅरेटर’ वेगळे ठेवा. ‘ययाति’ वि. स. खांडेकरांनी लिहिली, सांगतात मात्र ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. ‘द स्टोरी इज टोल्ड इन टर्न बाय ययाति, देवयानी अँड शर्मिष्ठा’ किंवा ‘द थ्री टेक टर्न्स टेलिंग इट’. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये नऊ भाग आणि सहा निवेदक आहेत. कर्णाचा आवाज पुन्हा पुन्हा येतो, इतर एकेकदा बोलतात. अशा वेळी ‘मल्टिपल नॅरेटर्स’ एवढंच लिहून थांबू नका. आकडे सांगा आणि मधला आवाज कुणाचा तेही सांगा: ‘सिक्स नॅरेटर्स, विथ कर्ण रिटर्निंग बिटवीन द अदर्स.’

अनेक निवेदक दिसले की लगेच ‘राशोमोन-लाइक’ लिहायचा मोह होतो. कुरोसावांच्या 1950 च्या त्या चित्रपटात एकाच घटनेच्या साक्षी एकमेकींना खोट्या पाडतात. ‘ययाति’त तसं नाही. घडलं काय यावर तिथे वाद नाही; ते कुणाच्या मनाला कसं लागलं हे तिथे महत्त्वाचं आहे. म्हणून साक्षी जुळत नसतील तरच ‘कॉन्फ्लिक्टिंग अकाउंट्स’ म्हणा. जुळत असून कोन बदलत असेल तर ‘द सेम इव्हेंट्स सीन थ्रू थ्री पेअर्स ऑफ आइज’.

चित्रपटाच्या मंडळींचे शब्द इंग्रजीत चालतात का?

ग्राफ, ट्रॅक, वनलाइन, क्लायमॅक्स, सस्पेन्स, इंटरव्हल: मुंबई-पुण्याच्या कुठल्याही पटकथेच्या बैठकीत हे शब्द ऐकू येतात. दिसायला ते इंग्रजी आहेत, पण आपण त्यांना आपले अर्थ दिले आहेत. आपसांत खुशाल वापरावेत. परदेशी वाचकासाठी लिहिताना मात्र बहुतेक बदलावे लागतात.

पात्राचा ‘ग्राफ’ तिकडे ‘आर्क’ असतो: ‘हर कॅरेक्टर आर्क’. काकांचा ‘ट्रॅक’ म्हणजे ‘सबप्लॉट’ किंवा ‘स्टोरीलाइन’. ‘वनलाइन’ला आपण प्रसंगांचा क्रमवार आराखडा म्हणतो; इंग्रजीत त्याला ‘आउटलाइन’ किंवा ‘स्टेप आउटलाइन’ म्हणतात. एका वाक्यात गोष्ट सांगायची असेल तर ती ‘लॉगलाइन’. आणि ‘वन-लायनर’ म्हणजे चटपटीत विनोदी वाक्य. अर्जात ‘माय वन-लायनर इज अटॅच्ड’ लिहून पाठवलंत तर पलीकडे अर्थ लागणार नाही.

‘सस्पेन्स’ आपल्याकडे उघड होतो. इंग्रजीत तो उघड होत नाही, कारण तो वाचकाच्या मनातला ताण आहे: ‘द फिल्म बिल्ड्स सस्पेन्स’. उघड होतं ते ‘सिक्रेट’ किंवा ‘ट्विस्ट’. ‘क्लायमॅक्स’ही असाच. आपण शेवटच्या वीस मिनिटांना क्लायमॅक्स म्हणतो. तिकडे तो संघर्ष टिपेला पोहोचण्याचा क्षण आहे, आणि त्यानंतर बरीच गोष्ट शिल्लक असू शकते. शेवट म्हणायचं असेल तर ‘एंडिंग’ म्हणा.

‘इंटरव्हल’ हा शब्द ब्रिटिश नाट्यगृहात ओळखीचा आहे, अमेरिकेत त्याला ‘इंटरमिशन’ म्हणतात. पण ‘इंटरव्हल पॉइंट’ला गोष्ट उलटते हे सांगायचं तर विश्रांतीचा उल्लेख नको: ‘ॲट द मिडपॉइंट, द हंटर बिकम्स द हंटेड.’ ‘द सेकंड हाफ ड्रॅग्ज’ मात्र तिकडेही असंच म्हणतात.

तीन अंकी नाटकाला ‘थ्री-ॲक्ट स्ट्रक्चर’ म्हणता येईल का?

म्हणू नये. तीन अंकी नाटक म्हणजे ‘अ प्ले इन थ्री ॲक्ट्स’, पडदा तीनदा उघडतो म्हणून. ‘थ्री-ॲक्ट स्ट्रक्चर’ हा पटकथेचा साचा आहे, सिड फील्ड यांच्या 1979 च्या पुस्तकाने तो सर्वदूर नेला; त्यात अंक पडद्यावर दिसतही नाहीत. त्याआधी 1863 साली जर्मन लेखक गुस्ताफ फ्रायटाग याने नाटकाचे पाच टप्पे सांगितले. ‘रायझिंग ॲक्शन’, ‘फॉलिंग ॲक्शन’ हे परीक्षेतले शब्द तिथूनच आले. प्रश्नात विचारलं असेल तर ते जरूर वापरा. परीक्षणात वापराल तर वर्णनाचा तक्ता होतो.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. तेंडुलकरांचं हे तीन अंकी नाटक. पण त्याची खरी रचना अंकांत नाही. वेळ काढायला म्हणून मांडलेला लुटुपुटीचा खटला हळूहळू बेणारेबाईंवरचा खरा खटला होतो. ‘प्ले विदिन अ प्ले’ हे लेबल जवळ जातं, पोहोचत नाही. ‘अ मॉक ट्रायल स्लोली टर्न्स इन्टू अ रिअल वन’ हे वाक्य पोहोचतं.

तमाशा, कीर्तन, लीळाचरित्र यांची रचना कुठल्या शब्दांत सांगायची?

नावं आपली ठेवा आणि काम इंग्रजीत सांगा. गण, गवळण, बतावणी, वग यांना ‘प्रोलॉग’, ‘फर्स्ट ॲक्ट’ अशी नावं चिकटवली की त्यांचा स्वभावच जातो. ‘द परफॉर्मन्स ओपन्स विथ द गण, ॲन इन्व्होकेशन टू गणेश, द गवळण फॉलोज, विथ कृष्णा टीझिंग द मिल्कमेड्स...’ असं एकेकाचं काम सांगत गेलं की वाचक पुढच्या वेळी ‘गण’ म्हटल्यावर ओळखतो.

नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग म्हणजे ‘फर्स्ट हाफ’ आणि ‘सेकंड हाफ’ नव्हेत. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं, उत्तररंगात तेच सूत्र आख्यानातून उलगडतं. ‘द कीर्तनकार फर्स्ट एक्स्पाउंड्स अ व्हर्स, देन टेल्स अ स्टोरी दॅट बेअर्स इट आउट.’ दोन भागांचं नातं त्या ‘बेअर्स इट आउट’मध्ये आलं आहे.

तेराव्या शतकातल्या लीळाचरित्राची अडचण वेगळी. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे भाग आहेत, पण चढत जाणारं कथानक नाही. छोट्या छोट्या लीळा आहेत. त्याला ‘लॅक्स अ प्लॉट’ म्हणणं अन्यायाचं आहे, कारण जे करायचं ठरवलंच नव्हतं त्याचा अभाव मोजला जातो. ‘अ लाइफ टोल्ड इन शॉर्ट, सेल्फ-कंटेन्ड एपिसोड्स’ म्हणावं. मराठीतल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाला इंग्रजीत एवढी नेमकी ओळख मिळायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

शेवटाबद्दल लिहिताना काय सांभाळायचं?

‘द एंड इज केप्ट ओपन’ऐवजी ‘द एंडिंग इज लेफ्ट ओपन’. ‘कम्स टू अ फुल सर्कल’ऐवजी ‘कम्स फुल सर्कल’. ‘ॲन्टीक्लायमॅक्स’ म्हणजे क्लायमॅक्सनंतरचा भाग नव्हे, तर अपेक्षाभंग. कौतुकाच्या वाक्यात तो शब्द घातला तर उलटा अर्थ होईल.

सारांशात शेवट सांगावा का?

प्रकाशकाला पाठवायच्या ‘सिनॉप्सिस’मध्ये सांगायलाच हवा. रचना शेवटापर्यंत टिकते का, हे त्यांना पाहायचं असतं. ‘टू नो मोअर, रीड द बुक’ असं तिथे लिहू नये. पुस्तकाच्या पाठीवरच्या मजकुरात, म्हणजे ‘ब्लर्ब’मध्ये, शेवट सांगू नये.

भारतीय वळणाचं इंग्रजी लिहिलं तर बिघडलं कुठे?

वाचक भारतीय असेल तर काही बिघडत नाही. ‘इंटरव्हल’ इथल्या सगळ्यांना कळतो, तो बदलून ‘मिडपॉइंट’ करणं उगाच. जिथे अर्थ बदलतो तिथे मात्र थांबावं: ‘बेस्ड ऑन’, ‘शोन ॲज’, ‘वन-लायनर’.

एखादा शब्दप्रयोग सहज वाटतो की नाही, हे कसं तपासायचं?

तीन-चार शब्दांचा तुकडा अवतरणचिन्हांत घालून शोधा आणि तो कुठे सापडतो ते पाहा. फक्त गाइड आणि प्रश्नसंचांत दिसत असेल तर सोडून द्या, वृत्तपत्रांतल्या परीक्षणांत दिसत असेल तर घ्या. ‘कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश’ हा अमेरिकन इंग्रजीतल्या मजकुरांचा मोठा संग्रह महाजालावर आहे. एखाद्या शब्दाच्या शेजारी कोणते शब्द येतात ते तिथे दिसतं. ऑक्सफर्डचा कोलोकेशन्स कोश, म्हणजे कुठला शब्द कुठल्या शब्दांबरोबर येतो ते सांगणारा कोश, हाताशी असेल तर ‘प्लॉट’ किंवा ‘नॅरेटिव्ह’ उघडून पाहा, क्रियापदांची रांगच मिळते. आणि ज्या प्रकारचं लिहायचं आहे त्याच प्रकारचं वाचा. सिनॉप्सिस लिहायचा असेल तर समीक्षाग्रंथ वाचून उपयोग नाही. छापून आलेली परीक्षणं आणि महोत्सवांच्या पुस्तिका वाचा, आणि कामाची वाटणारी क्रियापदं पूर्ण वाक्यासकट वहीत उतरवून ठेवा. नुसता शब्द उतरवला तर त्याच्यामागचं ‘इन’, ‘विथ’, ‘टू’ हरवतं, आणि अडचण नेमकी तिथेच येते.